नाटकातून मोठे झालेल्या श्रीमंत कलाकारांनी अडचणीतल्या नाटकांना पैसे द्यावेत का? (इंदूरचा अनुभव)

तिसरी_घंटा (इंदूर)

मागच्या रविवारी आमच्या नाटकाचा सहावा प्रयोग झाला आणि तोच शेवटचा ठरला. साडेतीनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये ६४ माणसं होती, त्यातली २२ पासवर आलेली. पडदा पडल्यावर आम्ही मेकअप उतरवत होतो तेव्हा आमचा नेपथ्याचा मुलगा सेटचे फ्लॅट (भिंतींसारख्या उभ्या चौकटी) सोडवत होता. त्याची एक सवय आहे. उपटलेले वाकडे खिळे तो विटेवर ठेवून हातोडीनं एकेक सरळ करतो आणि तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकतो, पुढच्या प्रयोगासाठी. त्यानं विचारलं, "ताई, मोठे खिळे वेगळे ठेवू?" मी म्हटलं, ठेव. आता प्रयोग नाहीत हे त्याला सांगायचं माझं धाडस झालं नाही, दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं.

हिशेब लपवण्यासारखा नाही, म्हणून मांडते. एका प्रयोगाला हॉल १८,०००, लाइट-साउंड १२,०००, टेम्पो आणि हमाली ४,५००, मेकअप, डागडुजी, चहा-नाश्ता ५,०००, छपाई ३,०००, लेखकाचं मानधन २,०००. एकूण ४४,५००. कुणीही नाईट (प्रयोगाचा मोबदला) घेतली नाही, दिग्दर्शकानंही नाही. रविवारची विक्री ४२ तिकिटं, २०० रुपयांप्रमाणे ८,४००. आधीचे प्रयोग यापेक्षा बरे गेले होते, तरी सहा प्रयोगांची मिळून तूट १,६०,००० च्या घरात आहे. नऊ जणांनी वाटून घेतली. एकानं त्यासाठी मुलीच्या नावाची एफडी मोडली, हे मला नंतर कळलं.

आता मुद्दा. ज्यांचे चेहरे आज घराघरांत आहेत त्यातल्या कितीतरी जणांनी अशाच खिळे सरळ करणाऱ्या मंडळींच्या बळावर पहिली पावलं टाकली. आज एका उद्घाटनाची फीत कापायला त्यांना जे मिळतं त्यात आमचं अख्खं वर्ष निघेल. आम्ही चार नामवंतांना पत्रं लिहिली. दोघांकडून काही आलं नाही. तिसऱ्यांच्या मॅनेजरनं बॅनरवर नाव केवढं येईल ते विचारलं. चौथ्यांनी स्वतः फोन केला, अर्धा तास बोलले, तालमी कुठे करता तेही विचारलं. शेवटी म्हणाले, "पैसे देतो, त्यात अडचण नाही. पण पुढच्या वर्षी काय कराल?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा. त्यांनी द्यावेत का, आणि द्यायचे तर कशासाठी?

---

रामबागकर

द्यावेत. यात चर्चेला जागाच काय आहे? पृथ्वीराज कपूर १९४४ पासून १९६० पर्यंत सिनेमात कमावलेला पैसा पृथ्वी थिएटर्समध्ये घालत राहिले. दीडशे माणसांचा काफिला गावोगाव नेणं काय खेळ आहे? खेळ संपल्यावर स्वतः दाराशी झोळी धरून उभे राहत. पुढे शशी कपूर आणि जेनिफर यांनी १९७८ मध्ये मुंबईत जुहूला पृथ्वी हे नाट्यगृह उभं केलं ते सिनेमाच्या कमाईतूनच. एका घरानं दोन पिढ्या हे केलं. बाकीच्यांना का जमू नये?

आपल्या इंदूरनं देशाला काय कमी माणसं दिली? लता मंगेशकरांचा जन्म इथला, १९२९ चा, आणि त्या एका नाटकवाल्याच्याच घरात जन्मल्या. स्वानंद किरकिरे इथलेच आणि रंगभूमीवरूनच पुढे गेले. या शहरावर प्रेम असणारी पुष्कळ मोठी माणसं आहेत. आपण नीट मागत नाही, हीच खरी अडचण.

---

हिशेबनीस

मी सीए आहे आणि हौशी नाटकात दहा वर्षं तिकिटांच्या टेबलावर बसलो आहे. भावनेचा भाग बाजूला ठेवून आधी एक विचारतो. ताई, तुमची संस्था नोंदलेली आहे का?

विचारतो अशासाठी की देणाऱ्याची इच्छा असली तरी तो पैसे कुठल्या खात्यात टाकणार? व्यक्तीनं दिलेल्या देणगीवर ८०जी ची प्राप्तिकर सवलत हवी तर संस्थेची तशी नोंदणी हवी, आणि ती सवलतही फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. सीएसआर, म्हणजे कंपनीनं नफ्यातून समाजकार्यावर करायचा खर्च, व्यक्तीला लागूच नाही. तो कंपनीला लागतो: निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. कला-संस्कृतीचं जतन त्या यादीत आहे. पण पैसे घेणाऱ्या संस्थेकडे १२ए आणि ८०जी या प्राप्तिकराच्या नोंदण्या हव्यात, सीएसआर-१ हा नोंदणीचा फॉर्म भरलेला हवा आणि तीन वर्षांचं काम दाखवता यायला हवं. बऱ्याच कलाकारांच्या स्वतःच्या निर्मितीसंस्था आहेत, तिथून हा रस्ता निघू शकतो. मात्र "आमच्या नाटकाला तूट आली" एवढ्यावर नाही निघणार. प्रशिक्षण, जुन्या संहितांचं जतन, शाळांमधले प्रयोग असं काही नेमकं काम लागेल.

---

तिसरी_घंटा (इंदूर)

@हिशेबनीस, नोंदणी नाही. सगळा व्यवहार माझ्या बचत खात्यातून होतो. लिहितानाही लाज वाटते आहे.

---

हिशेबनीस

लाज कसली त्यात! निम्म्या हौशी संस्था अशाच चालतात. सात जण जमले आणि संस्थेची घटना (नियमावली) लिहून काढली की सोसायटी नोंदवता येते. कागद मी करून देईन, फी नको.

---

नर्मदेकाठची

मी थोडं कडू बोलणार आहे, ताई राग मानू नका.

६४ माणसं आली. इंदुरात मराठी माणसं किती आहेत? रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, वैशाली नगर, एवढ्याच वस्त्या मोजल्या तरी हॉल दहादा भरेल. त्यांनी २०० रुपये काढायचे नाहीत आणि मुंबईतल्या नटानं लाख काढायचे, हा कुठला न्याय? सरवटे बस स्टँडला उतरून छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जाऊन चौघं जण खातात तेव्हा २०० रुपये कुणी मोजतं का?

आणि प्रेक्षक नाही असं म्हणायची सोय या शहरात नाही. सानंद न्यास इथेच आहे. मुंबई-पुण्याचं नाटक आलं की खंडवा रोडवरच्या विद्यापीठाच्या सभागृहात एकेका नाटकाचे पाच-पाच प्रयोग होतात, कारण दर्शकांचे गट ठरलेले आहेत आणि वर्गणी वर्षाची आधीच घेतलेली असते. तिथे नट मोठे आहेत म्हणून गर्दी होते हे खरं, पण ती सवय सभासदांनी वर्षानुवर्षं लावून घेतली आहे हेही तितकंच खरं. तुम्ही सहा प्रयोग केलेत, त्यातल्या एकाचं तरी तिकीट तुम्ही महिनाभर आधी घरोघर जाऊन विकलं होतं का?

---

तिसरी_घंटा (इंदूर)

राग नाही आला, वाईट वाटलं. कारण खरं आहे. पहिल्या दोन प्रयोगांना आम्ही दारोदार फिरलो. नंतर नोकरी, तालीम, घरचं आजारपण यातून फक्त व्हॉट्सॲपवर पोस्टर टाकत राहिलो. पोस्टरला शंभर अंगठे यायचे. आपल्याला वाटतं शंभर माणसं येणार.

पण एक सांगते. सानंदसारखा गट बांधायलाही काही वर्षं तग धरावा लागतो. तग धरायलाच पैसा नाही, तर गट कधी बांधायचा?

---

जुना_प्रेक्षक (वय ७८)

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मला दोन गोष्टी आठवल्या. त्यातली एक नाटकाची नाही, तरी सांगतो.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत पहिला खेळ केला तो चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. राजानं सांगितलं, खर्च राजानं केला, मंडळी उभी राहिली. १८५१ मध्ये राजेसाहेब वारले आणि पुढच्यांनी हात आखडता घेतला. भाव्यांच्या डोक्यावर कर्ज आणि पदरी माणसं. तेव्हा ते मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले आणि मुंबईत १८५३ मध्ये तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटक धंदा म्हणून उभं राहिलं ते आश्रय गेल्यावर. पण आश्रयाची ती आठ वर्षं नसती तर दौऱ्यावर न्यायला मंडळी तरी कुठून असती? मला हे दोन्ही एकदम खरं वाटतं.

दुसरी गोष्ट आपल्या होळकर क्रिकेट संघाची. माझे वडील यशवंत क्लबच्या मैदानावर सामने पाहायला न्यायचे, मी अगदी लहान होतो. यशवंतराव महाराजांनी संघ बांधला. सी. के. नायडूंना होळकर दरबारानं नुसते पैसे दिले नाहीत, फौजेत हुद्दा दिला. मुश्ताक अली होते. १९४५ च्या रणजीच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला. या संघानं रणजी करंडक चार वेळा जिंकला, शेवटचा १९५२-५३ च्या मोसमात. मग संस्थान विलीन झालेलं, तनखे, हिशेब सगळं बदललेलं, आणि १९५५ च्या सुमारास होळकर संघ संपला. त्यानंतर मध्य प्रदेशनं रणजी जिंकली ती थेट २०२२ मध्ये. मधली ६९ वर्षं मी पाहिली आहेत.

एका माणसाच्या मर्जीवर जे उभं राहतं ते त्या माणसाबरोबर जातं. म्हणून तुमच्या त्या चौथ्या कलाकारानं विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. तो पैसे टाळत नव्हता.

---

रामबागकर

काका, मग पृथ्वी कशी टिकली?

---

जुना_प्रेक्षक (वय ७८)

कारण तिथे पैसा जागेत गेला. नाटक पडलं तरी जागा राहते, पुढचं नाटक तिथेच उभं राहतं. पृथ्वीराजांची कंपनी १९६० ला बंद झाली, तेव्हा जागा नव्हती.

---

बडोद्याहून

काकांच्या म्हणण्याला आमच्या गावची पुस्ती जोडते. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी नाटक मंडळ्यांना आश्रय दिला होता, गंधर्व नाटक मंडळीलाही. त्या मंडळ्या आता इतिहासात आहेत. पण त्याच महाराजांनी १८८६ मध्ये गवई मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, ती आजही चालू आहे. आता तिला विद्यापीठाची फॅकल्टी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स म्हणतात आणि तिथे नाट्य विभाग आहे. मी त्याच इमारतीत शिकले. सूरसागरच्या काठानं सायकल मारत जायचो आम्ही, पहिल्या तालमीला दांडिया बाजारातली निम्मी मराठी मुलं असायची. राजा एकच, तिजोरी एकच. मंडळीला दिलेलं संपलं, शाळेला दिलेलं चालू आहे.

---

विंगेतला

मी लाइट करतो. बोलायची सवय नाही, तरी लिहितो, कारण इथे सगळे तिकीट आणि देणगीवर बोलत आहेत आणि खर्च खरा कुठे होतो ते कुणी पाहत नाही.

ताईंच्या हिशेबात लाइट-साउंड १२,००० आहे. त्यातले माझे आणि हेल्परचे मिळून २,५००. बाकी भाडं. आठ पार आणि चार स्पॉट (दोन्ही दिव्यांचे प्रकार), उजेड कमी-जास्त करायचा एक डिमर बोर्ड, केबल, दोन माइक. हेच सामान शहरातले सगळे ग्रुप त्याच दोन-तीन जणांकडून दर वेळी भाड्यानं आणतात. दहा वर्षांत त्या भाड्यात दोन सेट विकत आले असते. हॉल सकाळी मिळत नाही, दुपारी तीनला ताब्यात येतो. फ्लॅट लावेपर्यंत पाच. मी शिडीवर चढून फोकस करतो तेव्हा नट खाली मेकअप करत असतात, म्हणजे कुणाच्या तोंडावर उजेड पडतो ते मी खुर्चीवर टॉवेल ठेवून ठरवतो. तिसरी घंटा झाली की देवाचं नाव घ्यायचं. प्रेक्षक म्हणतो नाटक मुंबईसारखं दिसत नाही. कसं दिसणार? आम्हाला सामान हातात घेऊन तालीम करायला एक दिवस मिळत नाही.

२०२० मध्ये मार्चला थिएटर बंद झाली तेव्हा आठ महिने मी लग्नाच्या लाइटिंगचंही काम शोधत होतो, तेही नव्हतं. प्रशांत दामल्यांनी आपल्या पडद्यामागच्या माणसांना पैसे पोचवले असं तेव्हा वाचलं. वाचून बरं वाटलं. पण आमचं कुणी नव्हतं, कारण आम्ही कुठल्याच एका नाटकाचे नाही, सगळ्यांचे आहोत. एका गल्लीतल्या काकूंनी दोन महिने डबा दिला, त्या नाटकाला कधी आल्या नव्हत्या.

कुणी मोठा माणूस देणार असेल तर त्याला सांगा, नाटकाला नको देऊस. एक खोली दे, त्यात लाइटचा एक संच, एक बोर्ड. चावी सगळ्या ग्रुपांकडे राहील.

---

नर्मदेकाठची

@विंगेतला, दादा, तुमच्यापुढे माझं तिकिटाचं बोलणं अपुरं होतं. मी ते मागे घेत नाही, पण अपुरं होतं.

---

पडद्यामागून_पुढे

मला भीती दुसरीच वाटते. पैसे आले की सूचना येतात. एका गावच्या ग्रुपला एका बड्या आसामीनं निर्मितीखर्च दिला होता, मी त्यात काम करत होतो. तिसऱ्या आठवड्यात त्यांची भाची मुख्य भूमिकेत आली आणि दुसऱ्या अंकातला गावच्या पुढाऱ्याचा प्रवेश गेला. प्रयोग हाऊसफुल झाला. लेखक आला नाही.

म्हणून खोलीची कल्पना मला पटते. दिव्यांना संहिता कळत नाही, ते सगळ्यांवर सारखे पडतात.

---

साठीतला_पुणेरी (मूळ इंदूर, जेल रोड)

जन्म इंदूरचा, नोकरी सगळी पुण्यात केली. एक जुनं उदाहरण द्यावंसं वाटतं, ते इथे कुणाला आठवत असेलही.

सामाजिक कृतज्ञता निधी. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्याबरोबरचे नामवंत कलाकार यांनी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगाव केले. स्वतःच्या नाईटचे पैसे न घेता. जमलेली रक्कम खर्चून टाकली नाही. ठेव म्हणून ठेवली आणि तिच्या व्याजातून पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन दिलं. मी एक प्रयोग पाहिला आहे. एवढे मोठे नट एकत्र पाहायला मिळणार म्हणून माणसं तिकिटाच्या रांगेत उभी होती, आणि त्या रांगेत कुणालाही आपण दान करतो आहोत असं वाटत नव्हतं.

त्याच्याही आधी ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान केलं. शंभर रुपयांचं तिकीट, १९२१ साली! दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर.

म्हणजे आपल्या नटांनी दिलं आहे, भरभरून दिलं आहे, पण देशासाठी, कार्यकर्त्यांसाठी. स्वतःच्या घरासाठी, नाटकासाठी ही रीत का लावू नये? ताई, त्या चौथ्या कलाकारांकडे चेक मागू नका. नाईट मागा. एक संध्याकाळ इंदूरला यायचं, तुमच्याच मुलांबरोबर एखाद्या जुन्या नाटकाचा एक प्रयोग करायचा किंवा नुसतं अभिवाचन. तिकीट मोठं ठेवा. त्यांचा मोबदला म्हणजे ती संध्याकाळच. जे जमेल ते ठेवीत जाईल, व्याजातून विंगेतल्या दादांची खोली.

---

हिशेबनीस

हे जमण्यासारखं आहे. एक धोक्याची सूचना: नाटकाच्या तिकिटावर ५०० रुपयांपर्यंत जीएसटी नाही, त्यापुढे लागू होतो. म्हणून तिकीट ५०० च ठेवा आणि ज्यांना जास्त द्यायचं आहे त्यांच्याकडून देणगी वेगळी, पावती वेगळी. ठेव नोंदणीकृत संस्थेच्याच नावे. आणि खोलीसाठी एकट्या ताईंचा ग्रुप नको, शहरातले निदान पाच-सहा ग्रुप एका संस्थेत या. मर्जी एकाची राहणार नाही, काकांची चिंताही मिटेल.

---

रामबागकर

आमच्या वाड्याचा पुढचा दिवाणखाना आहे, ३० बाय १८. भाऊबंदकीत अडकलेला, पण तालमीला द्यायला कुणाची हरकत नाही, मी चुलत्यांना विचारून आलो. पंखे दोन आहेत, एक फिरत नाही. दिव्यांचं सामान ठेवायला मागे कोठी आहे, कुलूप चांगलं आहे.

---

विंगेतला

दिवाणखान्याची उंची किती? पार टांगायला निदान १२ फूट लागेल.

---

रामबागकर

१४ आहे. सागवानी तुळया आहेत, भार घेतील. तरी या आणि ठोकून बघा.

---

नर्मदेकाठची

मी घरोघर जाईन तिकिटं घेऊन. वैशाली नगर आणि सुदामा नगर माझं. हळदीकुंकवाला दीडशे बायका येतात माझ्याकडे, त्यांना व्हॉट्सॲपवर नाही, तोंडानं सांगणार.

---

तिसरी_घंटा (इंदूर)

काल रात्री त्यांना पत्र लिहिलं, त्या चौथ्यांना. इथलं सगळं वाचूनच लिहिलं, म्हणून त्यातला मधला भाग टाकते:

"तुम्ही विचारलं होतं पुढच्या वर्षी काय कराल. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आमच्याकडे १४ फूट उंचीची एक जागा आहे, सहा ग्रुप आहेत, कागद करून देणारे एक सीए आहेत आणि दिव्यांची यादी आहे, सोबत जोडली आहे. आमचं बंद पडलेलं नाटक वाचवायला पैसे मागत नाही, ते आमचं आम्ही बघू. तुमची एक नाईट मागते आहे. तारीख तुमची, नाटक तुम्ही सांगाल ते, बाकीच्या भूमिका आमची मुलं करतील. जमलेला पैसा ठेवीत राहील आणि त्याचा हिशेब दर वर्षी तुम्हाला पाठवू. बॅनरवर तुमचं नाव इतर नटांच्या नावांएवढंच असेल."

शेवटच्या वाक्यावर आमच्या ग्रुपमध्ये बराच वाद झाला. मी ते ठेवलं.

आज सकाळी त्यांचा फोन आला. जानेवारीचा तिसरा शनिवार म्हणाले. अभिवाचन नको, उभं राहून प्रयोग करायचा म्हणाले, आणि तालमीला चार दिवस आधी येणार. हॉल आधीच्या दिवशीही ताब्यात मिळेल का हे त्यांनीच विचारलं, म्हणजे विंगेतल्या दादांना फोकस नीट करता येईल. नेपथ्याच्या मुलाला कळवलं आहे.

सहाही ग्रुपांना विनंती: या रविवारी संध्याकाळी पाच वाजता रामबागकरांच्या वाड्यात. सोसायटीच्या अर्जावर सात सह्या लागतील, येताना आधारची झेरॉक्स आणा. विंगेतले दादा शिडी आणत आहेत.

---

जुना_प्रेक्षक (वय ७८)

मला पहिल्या रांगेतलं एक आणि नातवासाठी एक, अशी दोन तिकिटं ठेवा. पैसे रविवारी रोख देईन. पास नको.